कोपऱ्यात टोचलेली सात कार्डं

३ मार्च, मंगळवार

चि. टाचणीस,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा. कार्डांचं कपाट एक, छत्तीस खणांचं, जुन्या दारांच्या लाकडाचं, सगळे सांधे खाचेचे, एकही खिळा नाही. पुस्तकं दाबायचे शिकंजे दोन. तुझं लिहायचं टेबल, ज्याचा डावा पाय दीड सूत आखूड झाला आणि तू तो कधी दुरुस्त करू दिला नाहीस. बांधलेली पुस्तकं, वहीत नोंद आहे तितकी, अकरा हजार सहाशे चार. आणि कार्डं चार हजार तीनशे अठरा. प्रत्येक कार्डावर रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द, आणि खाली आपल्या भाषेत तो कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, फिरत फिरत इथवर कसा पोचला. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं बांधायला आलेल्या पुस्तकांतून. ग्रंथपाल अजूनही दुकानात येऊन तेच ऐकवतात, "अहो, कोश शिवायला दिला होता, पाठ करायला नव्हे!"

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण पत्राची सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे. म्हणाली, "सहा वर्षांनी लेकीला पत्र, आणि सुरुवात कपाटाने? तब्येत तरी विचारा." विचारतो. तब्येत कशी आहे?

आता कामाचं. एका प्रकाशनाचा माणूस येऊन गेला. सोनेरी काड्यांचा चष्मा, वय तुझ्याएवढंच, मला "काका" म्हणतो. त्याला सगळा संग्रह हवा आहे, कार्डांसकट, हक्कांसकट. पुस्तकही काढणार आणि मोबाइलवरही घालणार, रोज एक शब्द. एकच अट आहे. प्रत्येक कार्डावरचा मजकूर तपासलेला आणि खरा आहे, असं मी सही करून द्यायचं. मुदत दहा एप्रिल.

सही करायला मला काहीच अडचण नाही. फक्त खात्री म्हणून चार शब्द तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात बघशील का? तिथे मोठे कोश असतील. मसल, प्यूपिल, विंडो, ईझल. घाई नाही. दहा एप्रिलच्या आत.

त्या सभागृहातल्या प्रकाराबद्दल मी हे लिहीत नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही.

तुझे,
बाबा


१२ मार्च, गुरुवार

चि. टाचणीस,

तुझं उत्तर नाही. पोस्टाचं काही खरं नसतं, म्हणून पुन्हा लिहितो. आईचं आणि तुझं दर रविवारी फोनवर बोलणं होतं, ते मला माहीत नाही असं तिला वाटतं. त्या वेळी मी मुद्दाम मागे जाऊन सरस ढवळत बसतो. गेल्या रविवारी इतका ढवळला की भांड्याला लागला. एवढं करून तिने येऊन सांगितलं काय, तर "तिकडे थंडी आहे."

मागच्या पत्रात मी ते चारच शब्द का विचारले, ते सांगायला हवं. नाहीतर तुला वाटेल, बापाला आता साधे शब्दही येईनासे झाले.

ते शिकवणीवाले मास्तर तुला आठवत असतील. ‘मुलांना दाखवतो’ म्हणून खालचे तीन खण घेऊन गेले, आणि चार महिन्यांनी माझी चाळीस कार्डं स्वतःच्या नावाने छापून मोकळे झाले. पुस्तिका बांधायलाही माझ्याकडेच आणली, इतका निगरगट्टपणा. तेव्हा मी एक युक्ती केली. नकाशे करणारे लोक कधी कधी नकाशात मुळात अस्तित्वातच नसलेलं एखादं गाव घालून ठेवतात. दुसऱ्याच्या नकाशात ते गाव दिसलं, की चोर सापडला. तसं मी खालच्या तीन खणांत काही शब्दांची मुळं स्वतःच्या डोक्याने रचून घातली. सहा कार्डं. खूण म्हणून प्रत्येकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सुईने एक भोक. यादी केली नाही, कारण यादी केली तर यादीच चोरीला जाईल. माझी स्मरणशक्ती तुला माहीत आहे.

आता पुढचं ऐक. दोन वर्षांपूर्वी कपाटामागचा नळ फुटला. खालचे तीनही खण भिजले. मी एकेक कार्ड सुटं करून दोरीवर वाळत घातलं, टाचणीने. चार दिवस सबंध दुकानात कार्डंच कार्डं लटकत होती, गिऱ्हाईक वाकून आत येत होतं. एकही कार्ड वाया गेलं नाही, याचा मला किती अभिमान वाटला! आणि मागचं पत्र लिहायच्या आधी, चष्मेवाला गेल्यावर, मी सापळ्याची कार्डं वेगळी काढायला बसलो तर प्रत्येक कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात भोक.

हाताला तीच जागा सापडली होती. डाव्या कोपऱ्यात टोचलं असतं तरी चाललं असतं. खाली टोचलं असतं तरी चाललं असतं. मीच माझी खूण पुसली, तीही इतक्या नीटपणे.

मग म्हटलं, खुणेशिवाय ओळखू. मजकूर आपलाच आहे. वाचायला बसलो आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. मसल म्हणजे मुळात छोटा उंदीर, दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. हे मी वाचलं, की आपण दंडातल्या फुगवट्याला बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी, त्यावरून मलाच सुचलं? प्यूपिल म्हणजे छोटी बाहुली. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. मग ते त्यांचं, की मी आपलं उचलून त्यांच्या गळ्यात घातलं? विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा, आणि आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. चित्रकाराचं ईझल म्हणजे गाढव, आणि सुतार ज्यावर फळी ठेवून कापतो ती आपली घोडी. इतकं जुळतं, की संशय येतो. खरी गोष्ट इतकी जुळते का कुठे?

सिन्सियर मात्र पक्कं आठवतं. जुने मूर्तिकार दगडातल्या चिरा मेणाने बुजवत. ज्यात मेण नाही ती मूर्ती सिन्सियर, बिनमेणाची. हे मी छापील पुस्तकात वाचलं आहे, ते पुस्तक मी स्वतः बांधलं आहे, कापड हिरवं होतं. त्याची काळजी नाही.

आणखी एक. सबंध कपाट मोजलं. चार हजार तीनशे सतरा भरली, एक कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढीच. आई म्हणाली, "माणूस कमी झाला तेव्हा मोजलं नाहीत."

तुझे,
बाबा


२१ मार्च, शनिवार

चि. टाचणीस,

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीचं. "बाबा, पझलचं कार्ड कुठे आहे?" खाली सही नाही, ‘कशा आहात’ नाही. अक्षर मात्र तेच, झ चा पाय ओढायची सवय गेलेली नाही.

मी शोधलं. खेळांच्या खणात क्विझ आहे, पतंगाचं काइट आहे, मध्ये पझल नाही. म्हणजे कमी भरलेलं एक ते हेच. ते कुठे गेलं ते मला माहीत नाही. आणि नेमकं तेच कार्ड तू का विचारलंस, हे मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी सहा लिहिलं. सात आहेत. माझी मोजणी चुकत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा मी मुद्दाम सहा लिहिलं, हे तू तेव्हाच ओळखलं असशील. सातातलं मला निश्चित आठवणारं एकच आहे, आणि ते पझल आहे. ते मी रचलं.

आता लिहिलंच आहे, तर नीट लिहितो. त्या वर्षी तू चौदाची होतीस. कार्डांची पक्की प्रत तू करायचीस, कारण माझं अक्षर चांगलं असलं तरी तुझं अधिक चांगलं. मी सांगत होतो, तू लिहीत होतीस. क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा, हे आपण आदल्या दिवशी लिहिलं होतं आणि ते खरं आहे, म्हणजे मला वाटतं खरं आहे. त्याच्या शेजारी शोभेलसं काहीतरी रचावं म्हणून मी सांगितलं, की जुन्या विणकरांच्या बोलीत न सुटणाऱ्या गाठीला पझ म्हणत आणि नवशिक्याला आधी ती सोडवायला देत, तिचं पझल. तू लिहून झाल्यावर म्हणालीस, "किती छान आहे हो बाबा." तेव्हाच सांगायचं होतं. पण तू छान म्हणालीस, आणि मी नुसतं सुई घेऊन कोपऱ्यात टोचलं. तू विचारलंस, "हे कशाला?" मी म्हटलं, "शिवणीचं माप."

मग दहा वर्षांनी तू तुझा पहिला निबंध वाचायला त्या सभागृहात उभी राहिलीस. मी तिथे नव्हतो. जे कळलं ते आईकडून. तू पझलची गोष्ट सांगितलीस. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, याला आधार काय? तू म्हणालीस, "माझ्या वडिलांचा संग्रह." त्याने विचारलं, "वडील काय करतात?" तू म्हणालीस, "बाइंडर आहेत." आणि लोक हसले.

दुसऱ्या दिवशी तू घरी आलीस. मी एका जाड पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होतो. तू पिशवी खांद्यावरून काढलीही नव्हतीस.

"बाबा, पझल कुठून घेतलंत?"

"असेल एखाद्या कोशात. जुना होता."

"कुठल्या?"

"नाव आठवत नाही. तुझ्या त्या विद्वानांना म्हणावं, शोधा."

"बाबा, मी तिसऱ्यांदा विचारते आहे. कुठून घेतलंत?"

त्यावर मी जे म्हणालो ते अक्षरशः लिहितो, कारण तुलाही ते अक्षरशः आठवत असणार. "तुला त्या लोकांचं खरं वाटतं, की बापाचं?"

पुढच्या महिन्यात तू पहिली नोकरी सोडून लांबच्या गावी गेलीस. मी लोकांना सांगत राहिलो, की पोरगी शिकली आणि तिला बापाच्या धंद्याची लाज वाटायला लागली. हेही मीच रचलं. त्याला भोकसुद्धा पाडलं नाही.

सापळा चोरासाठी लावला होता. मास्तरांनी पुन्हा कधी खणाला हात लावला नाही. अडकलीस ती तू, आणि तूही चोरून घेतलं नव्हतंस, मी दिलं होतं.

या पत्राबरोबर खालच्या तीन खणांतली सगळी कार्डं पार्सलने पाठवतो आहे. दोनशे अकरा. नक्कल नाही, मूळ कार्डं. आजवर एकही कार्ड मी या घराबाहेर जाऊ दिलेलं नाही, मास्तरांच्या त्या चार महिन्यांखेरीज. पेटी मी केली आहे. झाकण सरकवून उघडतं, वर उचलू नकोस. त्यांतली सहा खोटी आहेत. कुठली, ते खरंच मला कळत नाही. पंधरा-सोळा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून मलाच ती सगळी खरी वाटायला लागली आहेत.

नाही बघितलीस तरी परत पाठव. बघितलीस तर बरं.

तुझे,
बाबा


२ एप्रिल, गुरुवार

चि. टाचणीस,

पेटी आली. कार्डं दोनशे बारा.

मोजून झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून मोजली. आई म्हणाली, "काय झालं, कमी भरली का?" म्हटलं, "जास्त भरली." तिने पझलचं कार्ड हातात घेतलं, वाचलं, परत ठेवलं, आणि आत जाऊन उगीचच भांडी विसळायला लागली. विसळलेलीच होती.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चुका शोधत वाचलं, सवय आहे. तू लिहितेस, की निघायच्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेलो असताना तू ते कार्ड काढून खिडकीशी धरलंस. कोपऱ्यातल्या भोकातून उजेड आला. "शिवणीचं माप सुट्या कार्डाला कशाला लागतं, हे मला चौदाव्या वर्षी कळलं नाही. चोविसाव्या वर्षी कळलं. तुम्ही कार्डाला उगीच भोक पाडणार नाही. ते कार्ड मी पिशवीत टाकलं. गाडी सुटेपर्यंत वाट बघितली, तुम्ही फलाटावर येऊन सांगाल म्हणून."

मी फलाटावर आलो होतो. पुस्तकांच्या दुकानाच्या मागे उभा होतो. हे आईलाही माहीत नाही, म्हणजे आता झालं, ती मागे उभी आहे.

तर तुला सहा वर्षं सगळं माहीत होतं, आणि मी मात्र तुला माहीत नाही असं धरून वागत होतो. तू वाट बघत होतीस आणि मीही वाट बघत होतो, कशाची कोण जाणे. तू विसरशील म्हणून असेल. बाइंडर माणूस, सुटी पानं नुसती दाबून ठेवली तर आपोआप चिकटत नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं.

आता तुझ्या तपासणीकडे येतो. पेन्सिलीने खुणा केल्यास हे बरं केलंस, शाई चालली नसती.

मसल, प्यूपिल, विंडो, ईझल, चारही खरी. मी त्यांच्यावर उगीच आळ घेतला. उंदीर त्यांचा आणि बेडकी आपली, दोघांना दंडात काहीतरी पळताना दिसलं. बाहुली त्यांनाही दिसली, आपल्यालाही. कुणी कुणाचं चोरलं नाही. ईझलचं तर मी आईला शपथेवर सांगितलं होतं, की हे माझंच डोकं. आता ती मला येता-जाता "गाढव खरं निघालं" म्हणते.

आणि सिन्सियर खोटं. मेण-बिण काही नाही, लोकांनी मागाहून जोडलेली गोष्ट आहे, जुना अर्थ नुसता ‘शुद्ध’. हे मला सगळ्यात जड गेलं. छापील होतं ना! हिरवं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, मी माझ्या हाताने ठोकलेली. आणि सॅलरी म्हणजे सैनिकांना मिठात दिलेला पगार, हेही तू अर्धंच ठेवलंस. शब्दाचं मिठाशी नातं खरं, पण शिपायांना खरोखर मीठ वाटत होते याला पुरावा नाही. दोनशे बारा कार्डांत अशी तू एकोणीस काढलीस, जी मी रचलेली नाहीत, इमानदारीने उतरवलेली आहेत, आणि तरी चूक आहेत.

मी पुरता गोंधळलो आहे, टाचणी. जे मला माझं वाटलं ते जगाचं निघालं, जे जगाचं म्हणून डोळे मिटून घेतलं ते बनावट निघालं. मग मी रचलेली सात आणि त्या छापणाऱ्याने रचलेली एकोणीस यांत फरक काय? तू म्हणशील, त्याला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत होतं. बरोबर. तेवढाच फरक आहे आणि तो सगळा माझ्या बाजूला आहे.

रचलेल्यांपैकी सहा तू पकडलीस. पझल, डॉग, टॉय, किक, चहा पिण्याचा मग, जबड्याचं जॉ. नावं वाचल्यावर एकेक आठवत गेलं, कुठल्या दिवशी रचलं तेसुद्धा. तू खाली लिहिलंस, "सगळी अशीच आहेत बघा. यांचं मूळ कुणालाच नक्की माहीत नाही. तुम्ही नेमकी हीच का निवडलीत?"

मागच्या पत्रात मी चोराचं कारण दिलं. ते खरं आहे, पण आधीचं कारण वेगळं आहे. या शब्दांची कार्डं मी मास्तरांच्याही आधी केली होती. वर शब्द, खाली काही नाही. कोशात बघावं तर एकच ओळ, मूळ अज्ञात. कुत्र्याला जगातली दोन वर्षांची पोरं हाक मारतात आणि त्या शब्दाचं मूळ अज्ञात? मला ते कोरं कार्ड बघवत नव्हतं. वाटायचं, बघणारा म्हणेल, नववी शिकलेला बाइंडर, याला इथवरच येणार. शिकलेल्या माणसाने ‘माहीत नाही’ म्हटलं तर लोक त्याला विनय म्हणतात, मी म्हटलं तर नुसतंच माहीत नाही. म्हणून भरली. मास्तर नंतर निमित्ताला सापडले.

चार हजार तीनशे अठरा कार्डांत ‘माहीत नाही’ असं एकही नाही. डॉटरच्या कार्डावर तू लिहिलंस, आपल्या दुहिताशी त्याचं नातं पक्कं, पण ‘दूध काढणारी’ हा नुसता अंदाज, तसं लिहून टाका. लिहितो. तू अकरा वर्षांची असतानाही हेच म्हणाली होतीस, "बाबा, आपल्याकडे दूध बाटलीतून येतं, मग मी कोण?" मी तेव्हा रागावलो होतो.

सातवं मात्र तुला सापडलं नाही. तू लिहितेस, बाकी सगळ्यांना कुठे ना कुठे आधार मिळाला. मग ते सातवं गेलं कुठे? खालच्या खणांत नसेल तर वर कुठेतरी आहे. वरच्या तेहतीस खणांत एकालाही भोक नाही, म्हणजे मी ते टोचायचं विसरलो, किंवा सातवं कधी रचलंच नाही, किंवा तूच चुकलीस. तिन्ही मला अशक्य वाटतात.

आई म्हणते, "तिला माहीत असेल. सगळं एकदम सांगून टाकलं तर यायला निमित्त काय उरेल?" मला तिचं हे बोलणं पटत नाही. तुझ्यात असली लबाडी नाही. ती माझ्यात आहे.

तुझे,
बाबा


११ एप्रिल, शनिवार

चि. टाचणीस,

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतेस हे आईने सांगितलं. रविवारच्या फोनच्या वेळी मी सरस ढवळायला गेलो नाही. तिथेच बसलो. तू "बाबा आहेत का जवळ?" विचारलंस आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "टेबलाचा पाय अजून आखूडच आहे." तू हसलीस की आणखी काही, ते कळलं नाही, आवाज नीट येत नव्हता.

कपाटाशेजारी दुसरी खुर्ची ठेवली आहे. वरचे तेहतीस खण, म्हणजे चार हजार एकशे सहा कार्डं. दिवसाला साठ झाली तर खूप. माझ्या हिशेबाने तुझ्या सुट्ट्या पुरणार नाहीत. मी एका महिन्यात सही करून देणार होतो, हे आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

चष्मेवाला काल मुदतीप्रमाणे आला. करार घेऊन आला, पेनही स्वतःचं. मी त्याला आधी नमुन्याला शंभर कार्डं दिली होती, खालच्या खणांतली उतरवून. त्यातल्या आवडलेल्या कार्डांवर त्याने हिरव्या शाईने चांदण्या काढल्या होत्या. पाच चांदण्या. डॉग, टॉय, किक, मग, जॉ. पाचच्या पाच माझी. उंदराला नाही, बाहुलीला नाही, वाऱ्याच्या डोळ्याला नाही.

"काका, हे किकचं तर कमाल आहे हो! आमच्या ऑफिसात सगळे हसून लोळले."

"ते खोटं आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी रचलं. या पाचांपैकी एकही खरं नाही. आणखीही आहेत. किती ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. सही आज होणार नाही."

मला वाटलं, तो करार घडी करून उठेल. मी तयारी ठेवली होती, काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पण तो खुर्ची पुढे ओढून बसला.

"तुम्ही रचलंत? सगळं डोक्यातून?" चष्मा काढून पुसला. "मग प्रश्नच मिटला की काका. खरं शोधत बसायला वेळ लागतो, हे तुम्ही बसल्या बसल्या कराल. अटीचं कलम मी काढून टाकतो. वाचणारा कुठे तपासायला जातो?"

"एक गेली होती," मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही. त्याने पेनाने कराराच्या कोपऱ्यात नवा आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला. आतून तुझ्या आईची चाहूल एकदम थांबली. मी आकडा वाचला. नीट वाचला, शून्यं मोजली. मग पझलचं नवं कार्ड, जे मी सकाळीच लिहिलं होतं आणि वाळत ठेवलं होतं, ते त्याच्यासमोर धरलं. वर शब्द. खाली: मूळ माहीत नाही. अर्थ: गोंधळात पाडणे. अक्षर माझं आहे, तुझ्याइतकं चांगलं नाही, पण स्वच्छ आहे.

"यात गंमत काय?" तो म्हणाला.

"काही नाही," म्हटलं.

तो गेल्यावर तुझी आई बाहेर आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. कागदाकडे बघत म्हणाली, "बघू तरी, किती होते?" बघितल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. तिच्या खोलीतली गादी उन्हात टाकायची आहे, जरा हात लावा."

जुनं पझलचं कार्ड, तुझ्या अक्षरातलं, मी फाडलं नाही. वेगळ्या पाकिटात ठेवलं आहे. तू आलीस की ठरव.

या वेळी मी फलाटावर असेन. पुस्तकांच्या दुकानाच्या पुढच्या बाजूला.

तुझे,
बाबा

ता. क. त्याने जे देऊ केलं आणि मी नको म्हणालो, ते लिहून ठेवतो, कारण सांगताना तुझी आई दर वेळी वीस हजार वाढवते. सगळी कार्डं, सगळे हक्क, खोटी आहेत तशीच ठेवायची, तपासणी करायची नाही, आणि सहा महिन्यांत तसलीच आणखी तीनशे रचून द्यायची. एकरकमी, सहा लाख ऐंशी हजार.